चार बोटं आत जातील असं हँडल

३ जानेवारी

ताई,

नमस्कार पोचला असं समज. फोन न करता पत्र लिहितेय, यावरूनच तुला कळलं असेल की मी चिडलेय. बाबांचा नियम मी अजून पाळते. भांडायचं असेल तर कागदावर भांडा, लिहिता लिहिता राग दमतो. लहानपणी आपण एकाच खोलीत बसून एकमेकींना पत्रं लिहायचो आणि आई मधल्या मध्ये पोस्टमन व्हायची. परवा तू नुसतं 'बघू' म्हणून फोन ठेवलास, तेव्हाच मी कागद काढायला हवा होता.

वर्षभर तुझ्या मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठे तू इकडे राहायला यायला तयार झालीस. मुख्याध्यापक बाई निवृत्त झाल्या तरी भाड्याच्या घरात एकट्या राहतात, आणि सख्ख्या बहिणीच्या घरी खालची खोली रिकामी पडलीय, हे मला बघवत नव्हतं. तुझी अट एकच होती. खोलीला स्वतंत्र बाथरूम हवं, ते झालं की येते. ठीक. आम्ही शेजारची अडगळ उपसली, भिंत फोडली, नळ फिरवले. टाइल्स लागल्या, कमोड बसला, शॉवर आला. आता घोडं अडलंय ते बेसिनवर.

हल्ली नुसतं बेसिन घेतलं की दुकानदार आपल्याकडे कीव आल्यासारखा बघतो. खाली कपाट, वर दगडाचा ओटा आणि त्यात बेसिन, असं सगळं मिळून एक प्रकरण असतं, त्याला व्हॅनिटी म्हणायचं. ती बघायला मी आमच्या ह्यांना घेऊन दुकानं पालथी घातली. ह्यांचा काडीचा उपयोग नाही. काहीही दाखवा, 'छान आहे' म्हणतात. एका ठिकाणी दुकानदाराने मोडकं कपाट बाजूला सरकवलं, तर तेही छान आहे. प्लंबरचं तर विचारूच नकोस. त्याचं नाव आम्ही 'उद्या' ठेवलंय, कारण तो दुसरा शब्द बोलत नाही.

शेवटी मीच एक पसंत केलंय. पांढरंशुभ्र, चकचकीत, ओट्यावर वाडग्यासारखं बेसिन, ड्रॉवरना गोल पितळी मुठी. सोबत फोटो आहे. एकदा हो म्हण, म्हणजे महिनाअखेरीस तुझं सामान हलवता येईल.

तुझी,
टकळी
(नाव तूच ठेवलंयस, आता माझी टकळी ऐक)


११ जानेवारी

टकळे,

फोटो पाहिला. ते नको.

पांढऱ्या ओट्यावर पांढरं बेसिन, त्यात पांढरा साबण. काय कुठे आहे ते दिसायचं कसं? वाडगं तर अजिबात नको. वाडग्याच्या काठाला धरायला जागा नसते. बेसिन ओट्यात बसवलेलं हवं आणि ओट्याची कड रुंद आणि गोल हवी. गोल मुठी तर डोळ्यांसमोरही नकोत, साबणाच्या हाताने त्या निसटतात. हँडल लांब असावं, चार बोटं आत जातील असं.

आणि लाकूड कसलं आहे ते विचारलंस का? वरून सगळी सारखीच दिसतात. आत दाबलेला भुसा असेल तर वर्षभरात फुगून दारं लागेनाशी होतील. दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नकोस. प्रत्येकाकडून बोटभर तुकडा माग आणि बादलीत भिजत घाल. विज्ञानाच्या बाईची बहीण आहेस, प्रयोग करून बघ.

घाई करू नकोस. मी इथे बरी आहे.

ताई


१९ जानेवारी

ताई,

आधी एक सांग, कागद महाग झालाय का? तुझं अक्षर मुंगीएवढं झालंय. पहिल्या ओळीला निदान मुंगी तरी होती, खाली खाली तर नुसतीच मुंगीची पावलं. ज्या बाईने अक्षर बारीक काढलं म्हणून पोरींना सगळं पान पुन्हा लिहायला लावलं, तिचं पत्र मी भिंग लावून वाचतेय.

प्रयोग केला. दुकानात जाऊन लाकडाचा तुकडा मागताना मला किती लाज वाटली ते माझं मला ठाऊक. एक दुकानदार म्हणाला, बाई, शोकेसमधलं कपाट तोडून देऊ का. ह्यांनी मात्र इमानेइतबारे तुकडे गोळा केले, त्यांवर पेन्सिलीने दुकानांची नावं लिहिली आणि बादलीत घातले. माझं ते लाडकं पांढरंशुभ्र कपाट चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं फुगलं आणि बादलीच्या तळाशी जाऊन बसलं. तू जिंकलीस. एकच तुकडा जसाच्या तसा राहिला, तो पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचा.

तर आता ह्या प्लायवूडचं दुसरं बघितलंय. राखाडी रंग, बेसिन ओट्यात बसवलेलं, तुझ्या मनासारखं. दारांना हँडलच नाहीत, दार जरा दाबलं की आपोआप उघडतं. म्हणजे मुठींचा प्रश्नच मिटला. एवढं तरी मान्य कर गं. उद्या नावाचा माणूस रोज विचारतोय की पाइप कुठल्या उंचीवर काढू.

टकळी


२ फेब्रुवारी

प्रिय बहिणीस,

हे पत्र टाइप केलेले आहे. हल्ली कॉम्प्युटर शिकते आहे. अक्षर बारीक असल्याची तक्रार आता राहणार नाही.

दाबून उघडणारी दारे नकोत. माणूस सहज टेकला तरी ती उघडतात आणि माणूस तोंडावर पडतो. नळ पिळायचा नको, वर उचलायच्या दांडीचा हवा, कोपराने ढकलला तरी चालू होणारा. ओटा नेहमीपेक्षा वीतभर खाली असावा. मधला भाग खालून मोकळा ठेवावा, तिथे कपाट नको. फरशी पुसायला सोपे जाते. कपाटे दोन्ही बाजूंना असावीत, पण अगदी तळाशी ड्रॉवर नको.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ओटा भिंतीत लोखंडी पट्ट्या घालून पक्का करावा. मी त्यावर बसले तरी हलता कामा नये. आरसा लहान असला तरी चालेल. मला काय एवढे बघायचे आहे.

हे सगळे जमणार नसेल तर घाई नाही.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

हात टेकले तुझ्यापुढे.

'प्रिय बहिणीस'? शाळेची नोटीस पाठवलीस का मला? खाली शिक्का तेवढा राहिला. आयुष्यभर भांडलो, पण छापील पत्र पाठवण्याइतकी परकी मी कधी झाले?

तुझी ती यादी घेऊन मी दुकानात उभी राहिले. ओटा वीतभर खाली का, विचारलं त्याने. मला सांगता येईना. तुझी उंची काही कमी झाली नाही. मधे मोकळं का, तर फरशी पुसायला. अगं, ती फरशी पुसणार कोण? मीच ना? आणि बेसिनवर बसायचं कशाला? साठी उलटलेली बाई बेसिनवर बसते हे मी दुकानदाराला कुठल्या तोंडाने सांगू? तो मला म्हणाला, असं तयार मिळत नाही, सुतार लावावा लागेल. ह्यांना विचारलं तर ते म्हणाले, ताईंची कल्पना छान आहे.

मला आता कळलंय. तुला यायचंच नाहीये. तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून बेसिनच्या आडून नाही म्हणतेयस. एक अट पुरी केली की दुसरी काढतेस आणि दर पत्राच्या शेवटी तेच पालुपद, घाई नाही. तुला नसेल घाई. मला आहे. मला माझी बहीण घरात हवी आहे. सकाळी चहाच्या वेळी समोर कुणीतरी 'छान आहे' सोडून दुसरं काही बोलणारं हवंय.

तर ऐक. आज तिरीमिरीत जाऊन मी ते पहिलंच घेऊन आले. तोच रंग, तेच वाडगं, त्याच पितळी मुठी. फक्त आतलं लाकूड चांगलं घेतलं, तेवढी अक्कल तू दिलीस. आता ते बसणार आणि तू येणार. विषय संपला.

टकळी


१८ फेब्रुवारी

घेतलेस ते बरे केलेस. पाहुण्यारावळ्यांना उपयोगी पडेल.

मी येत नाही. इथे सगळे हाताशी आहे. वाईट वाटून घेऊ नकोस.

ताई


६ मार्च

ताई,

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. उजवा प्लास्टरमध्ये आहे.

तुझं ते दोन ओळींचं पत्र आल्यावर मी रडले, मग चिडले, मग हट्टाला पेटून ते कपाट बसवून घ्यायचं ठरवलं. उद्या चक्क आज आला. दगडाचा ओटा उचलायला एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं. ओटा जागेवर टेकतोय न टेकतोय तोच हे आपलं टोक सोडून दोन पावलं मागे गेले, मान वाकडी करून म्हणाले, छान दिसतंय. सगळा भार माझ्या मनगटावर. पुढचं सांगत नाही, ह्यांना फार वाईट वाटलंय.

वरच्या बाथरूमचं पाणी जोडणीसाठी बंद होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तुझ्या बाथरूममध्ये तोंड धुवायला गेले. डाव्या हाताला साबण लावला आणि नळ पिळायला गेले, तर हात नुसता घसरतो. टॉवेल तळाच्या ड्रॉवरमध्ये. गोल मूठ धरली, निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. डोळ्यांत साबण. काहीतरी धरावं म्हणून वाडग्याचा काठ चाचपला, तर त्याला धरायला काही नव्हतंच. खाली बसावं म्हटलं तर गुडघे कपाटाच्या दारावर आपटले. शेवटी फरशीवर फतकल मारली आणि तोंडावरचा साबण गाऊनला पुसला.

तिथे बसल्या बसल्या तुझं म्हणणं आठवलं. चार बोटं आत जातील असं हँडल. कोपराने चालेल असा नळ. टेकलं तरी हलणार नाही असा ओटा. वीतभर खाली, मधे मोकळं, म्हणजे स्टूल ओढून बसता येईल. फरशी पुसायला नव्हतंच ते काही. आणि तुझं ते मुंगीएवढं अक्षर. मग छापील पत्रं.

आज माझं अक्षर पहिलीतल्या पोरीसारखं आलंय. हात ऐकेनासा झाला की काय होतं ते मला आत्ता कळलं.

ताई, कधीपासून?

टकळी


१५ मार्च

टकळे,

मनगट मोडून घेतलंस, धन्य आहेस. प्लास्टर ओलं करू नकोस आणि खाज आली की आत विणायची सुई घालू नकोस, तू घालशील म्हणून सांगतेय. ही ओळ हाताने लिहिलीय, पुढचं टाइप करते. हातानेच लिहायचं ठरवलं तर पुढच्या वर्षी पोचेल.

गेल्या वर्षी बँकेतून मला परत पाठवलं. सही जुळत नाही म्हणे. खिडकीपलीकडची मुलगी माझ्याच वर्गातली. बिचारी अवघडली, म्हणाली, बाई, पुन्हा एकदा करता का? मी पुन्हा केली, ती आणखी बारीक आली. मग डॉक्टर झाले. कंपवात म्हणाले. उजव्या हाताला सुरुवात झालीय, पायही कधी कधी जागच्या जागी अडतो. औषधं चालू आहेत. लगेच काही होत नाही, पण मागेही जात नाही.

तुला हो म्हणाले तेव्हा हे ठाऊक नव्हतं. त्यानंतर महिन्याभराने कळलं. मग माझी पंचाईत झाली. नाही म्हणावं तर तू कारण खणून काढणार. हो म्हणून तसंच यावं, तर मी तुझ्याकडे राहायला येणार होते, पडून राहायला नाही. तू मला ओळखतेस, मी तुला ओळखते. आठवडाभरात तू माझ्या हातातला साबण काढून घेतला असतास. मग कंगवा, मग चमचा. 'दे गं, मी करते' असं म्हणून तू मला प्रेमाने निकामी केलं असतंस. म्हणून ठरवलं, निदान बाथरूम तरी असं होऊ दे की दार लावून घेतलं की माझं मला उरकता येईल आणि टकळीला पत्ताही लागणार नाही. तोंड माझं मला धुता आलं पाहिजे, एवढंच हवं होतं. त्यासाठी तुझं डोकं उठवलं. तुझ्या प्रत्येक पत्राने माझंही उठत होतं. किती ठोंब्या असावं माणसाने. एवढं सगळं सांगूनही तुला फक्त दुकानदार काय म्हणेल तेच दिसत होतं.

आता तुला कळलंय, म्हणजे येण्यात अर्थ नाही. त्या खोलीचं काहीतरी दुसरं कर.

ताई


१० एप्रिल

ताई,

'त्या खोलीचं काहीतरी दुसरं कर.' वा. भिंत फोडली मी, धूळ खाल्ली मी, मनगट मोडलं माझं, आणि बाई बसल्या जागी आदेश देतायत. मी ठोंब्या आहे ते मान्य. पण तू कुठली शहाणी? पोरींना पेशींपासून सूर्यमालेपर्यंत सगळं फळ्यावर काढून दाखवणारी बाई, आणि बहिणीला 'माझा हात थरथरतो' एवढं एक वाक्य सांगता आलं नाही. त्याऐवजी मला फरशी पुसायच्या गोष्टी.

ते पांढरं कपाट काढून टाकलं. उद्याच्या घरी गेलं ते, न्यायला मात्र तो त्याच दिवशी आला. सुतार बोलावला. बादलीत टिकलेल्या प्लायवूडचंच सगळं करून घेतलं, आणि कापण्याआधी प्रत्येक फळीचा तुकडा मी पुन्हा भिजवला, सुतार कपाळाला हात लावून बसला होता. ओटा वीतभर खाली, गडद हिरवा, कड रुंद आणि गोल. मधे मोकळं, स्टूल आत जातं. कपाटं बाजूला, तळाशी काही नाही. भिंतीत लोखंडी पट्ट्या घातल्यात. पक्क्या आहेत का ते बघायला ह्यांना ओट्यावर बसवलं. पाय हलवत बसले, म्हणाले, छान आहे. ह्या वेळी मात्र मला ते ऐकून खरंच बरं वाटलं. एका हाताने सगळं करून बघितलं मी, डोळे मिटूनसुद्धा. हँडलमध्ये चार बोटं आरामात जातात. पाचवं बाहेर राहतं, त्याला इलाज नाही.

आणि हो, तशीच हँडलं मी वरच्या बाथरूमला लावली. स्वयंपाकघरातल्या सगळ्या कपाटांना लावली, ह्यांच्या टेबलालाही. नळ सगळीकडे दांडीचे केले. आता घरात आलेल्या माणसाने सांगावं की ह्यातलं कुठलं कुणासाठी आहे. ते आजाऱ्याचं बाथरूम नाही, ते आमच्या घराचं आहे.

राहिला साबण. मी घेणार नाही असं वचन देत नाही. मला माझी खात्री नाही. एक दिवस मी दार ढकलून आत येईन आणि 'दे गं' म्हणेन. तेव्हा तू ओरड. शाळेत ओरडायचीस तशी ओरड, मी घाबरून बाहेर जाईन. आतून कडी मात्र मी लावलेली नाही, फिरवायचं बटण लावलंय, बाहेरून नाण्याने उघडतं. त्यावर भांडायचं असेल तर खुशाल भांड, मी ऐकणार नाही.

फोटो पाठवतेय. आता आणखी एक जरी अट काढलीस, तर मी तिकडे येऊन तुझ्या भाड्याच्या घरात राहीन, ह्यांना आणि उद्याला घेऊन.

टकळी


२० एप्रिल

टकळे,

हे सबंध पत्र हाताने लिहितेय. सकाळी बसले, आता जेवायची वेळ झाली. भिंग घे.

फोटो पाहिला. साबणाची वाटी डावीकडे लावलीयस. तुझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून तुला डावीकडे सोयीची वाटली. माझा उजवाच थरथरतो हे तुझ्या लक्षातही नसेल. ती बरोबर जागी लागलीय. तू मुद्दाम काही केलंस की चुकतं, हे असं चुकून बरोबर येतं.

बटणाचं मला पटलेलं नाही. त्यावर आपलं भांडण होणार आहे. पण ते आता कागदावर जमायचं नाही. बाबांचा नियम मोडावा लागेल. माझा हात दमतो, राग दमत नाही. तोंड अजून ठणठणीत आहे.

शनिवारी येते. स्टेशनवर तुझ्या ह्यांना एकट्यांना पाठवू नकोस, ते मला बघून छान आहे म्हणतील आणि सामान विसरतील. तू ये.

ताई